पिवळा तेरडा

गौरी आणायला शेजारच्या सुशीलाबाईंबरोबर डोंगरावर गेले होते. आमच्याकडे गौर म्हणून तेरडाच आणतात, तोही मुळासकट. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. नेहमीचा गुलाबी तेरडा वाटेवर दाटला होता, पण झाडीखाली मला चक्क पिवळा दिसला. हौसेनं उपटला.

“अगं बाई, हे काय केलंस!” सुशीलाबाई किंचाळल्याच. “हा पिवळा खाली कुठं येत नाही. या झाडीत यंदा एवढा एकच उरला होता.”

तेरडा म्हणजे तेरडा, एवढंच मला ठाऊक. त्यांनी पाझरत्या कातळाकडे बोट दाखवलं. तिथं खोडच नसलेला, पानं दगडाला चिकटवून बसलेला तिसराच तेरडा होता. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आयुष्यभर म्हणत आले. कुठल्या तेरड्याचा, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी उडतं. माझ्या रोपाला एक शेंग होती. मी ती घाईघाईनं दाबली, पुन्हा दाबली. हिरवीच होती, फुटली नाही.

गौरीची पावलं माझ्या हातात लोंबत होती.