जांगड आणलेल्या दोन सूर्यचुली

कापडाच्या दुकानदाराच्या घरात कुठलीच वस्तू सरळ विकत येत नाही. आमच्याकडे साधं सूप आणायचं तरी माझे वडील, अप्पा, दहा सुपं उलटीसुलटी करून, उजेडाकडे धरून बघत. सोलापुरात नवी पेठेत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकं त्यांचं डोकं खात आणि संध्याकाळी अप्पा स्वतः गिऱ्हाईक होऊन भाजीवाल्यांचं डोकं खात. मला या चोखंदळपणाचा लहानपणापासून वैताग होता. पण त्या उन्हाळ्यात त्याची भीतीच वाटायला लागली, कारण अप्पांनी चूल निवडायला घेतली होती आणि इकडे अव्वाला श्वास पुरत नव्हता.

अव्वा म्हणजे माझी आई. तिला दमा होता. त्या वर्षी होळीच्या सुमाराला तो इतका बळावला की ती भिंतीला टेकून बसायची आणि शेजारच्या खोलीतही तिच्या छातीची शिटी ऐकू यायची. डॉक्टरांनी अप्पांना समोर बसवून सांगितलं होतं की औषधं मी देतो आहे, पण ही बाई चुलीपुढे बसणार असेल तर ती औषधं गटारात ओतलीत तरी चालेल. धूर बंद झाला पाहिजे. अप्पांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना नेहमीच सोपं जायचं.

मी तेव्हा नुकती डी.एड. होऊन मोहोळजवळच्या एका शाळेत नेमणूक मिळवली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं आणि तिथेच खोली घेऊन राहायचं होतं. तोवर स्वयंपाक माझ्याकडे होता. जूननंतर पुन्हा अव्वाच चुलीपुढे बसणार, हे घरात कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकुलती एक. स्वयंपाकाला बाई ठेवायची तर अप्पांना घराबाहेरच्या हातचं चालत नव्हतं. गॅससाठी नाव नोंदवलं होतं, पण नंबर कधी लागेल ते विचारलं की तिथला माणूस नुसता हसायचा. रॉकेल मिळालं तर स्टोव्ह, नाहीतर लाकडं. आणि रॉकेलच्या दुकानासमोरची रांग बघितली की लाकडंच बरी वाटायची.

अशात अप्पा एका लग्नासाठी मोहोळला गेले आणि तिथे भरलेलं शेतीचं प्रदर्शन बघून आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. उन्हावर चालणारी चूल. धूर नाही, जाळ नाही, रॉकेल नाही. काळी पेटी, वर काच, कडेला आरसे. सोलापूरच्या उन्हाला मी आजवर शिव्याच ऐकल्या होत्या. ते ऊन फुकट वाया जातंय म्हणून हळहळणारे अप्पा मी पाहिलेले पहिलेच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा विचारायचीसुद्धा विसरले. आता आठवडाभरात चूल येईल, मी अव्वाला ती वापरायला शिकवीन आणि निश्चिंत मनाने नोकरीला जाईन, असं मी धरून चालले. बापाला चांगलं ओळखत असूनही मी असं धरून चालले.

चौकशी करताना अप्पांना कळलं की होटगी रस्त्यावरचा एक कारखानदारही तशीच पेटी बनवतो, जरा लहान, एकाच आरशाची. झालं. एक वस्तू असती तर ती घ्यावी लागली असती. दोन म्हटल्यावर तुलना आली, आणि तुलना म्हटल्यावर जांगड आलं.

जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. आमच्या दुकानातून बायका चार-सहा लुगडी घरी नेत, सासूला दाखवत, नणंदेला दाखवत, पसंत पडेल ते ठेवत आणि बाकीची परत करत. त्याला एकच नियम होता. लुगड्याची घडी मोडायची नाही. एकदा नेसलं की ते तुमचं झालं, मग परत आणायचं नाही. अप्पांनी हा नियम आयुष्यभर पाळायला लावला होता आणि तो मोडणाऱ्या बायकांबद्दल ते घरी येऊन जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी दोन्ही चुली जांगड मागितल्या. होटगी रस्त्यावरचा माणूस लगेच तयार झाला. प्रदर्शनवाल्यांचा विक्रेता काच फुटली तर काय म्हणून कुरकुरत होता, पण अप्पांनी आपल्या दुकानाचा शब्द दिला.

अशा रीतीने मे महिन्याच्या तोंडाला आमच्या घरी दोन सूर्यचुली आल्या. मोठीला चारी बाजूंनी आरसे होते, उमललेल्या फुलासारखे. धाकटीला झाकणाच्या आतल्या बाजूला एक आरसा. आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, एकाच चुलीपुरती मोकळी जागा होती, कारण बाकी सगळीकडे शेंगा आणि मिरच्या वाळत पडलेल्या. दुसरी चूल परसात ठेवावी लागली. मग परसात ऊन कमी मिळतं म्हणून तुलना खोटी ठरेल, असं अप्पांच्या मनात आलं. तेव्हापासून रोज सकाळी दुकानातला गडी येऊन कालची वरची चूल खाली आणि खालची वर नेऊ लागला. जिना उभा आणि अरुंद. चुली जड. तो बिचारा कानडीत काय पुटपुटायचा ते मला सगळं समजायचं.

आणि त्या चुलींत आम्ही काय शिजवलं? पाणी.

मला आजही हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा अंगाची लाही व्हायची. दोन सारखी तपेली, बाहेरून काळा रंग दिलेली, दोन्हींत मापून पाणी. दुपारी दुकान बंद झालं की अप्पा जेवून, डोक्याला पंचा गुंडाळून, सोलापुरात कुत्रंही सावली सोडत नाही अशा उन्हात माळवदावर जात. वरचं पाणी बघायचं, खाली येऊन परसातलं बघायचं, पुन्हा वर. दर खेपेला काच उचलून बोट बुडवायचं आणि आत साठलेली सगळी गरमी बाहेर घालवायची. पुन्हा पंधरा लोकांना बोलावून मत विचारायचं. शेजारचे म्हणाले मोठी बरी. दुकानाशेजारचे सराफ म्हणाले धाकटी टिकेल. अप्पांनी दोघांचंही पटल्यासारखं केलं.

मला स्वतःला मोठी पसंत होती. तिच्यातलं पाणी लवकर उकळायचं आणि मला त्या दिवसांत लवकर होणारी प्रत्येक गोष्ट आवडत होती. माझी ट्रंक भरून झाली होती. मी ती उघडायची, पातळं काढायची, पुन्हा भरायची. चुलीपुढे बसले की समोरच्या लाकडाचा धूर नाकात जायचा आणि वाटायचं, थोड्या दिवसांनी हा अव्वाच्या नाकात जाणार. रात्री अव्वा खोकायला लागली की मी उठून बसायची. अप्पाही उठून बसत. आम्ही दोघं अंधारात बसून राहायचो, आणि सकाळी ते पुन्हा पाणी मापायला घेत. याचा मला राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं यात मला कधी शंका आली नाही. पण ते प्रेम दुकानदाराचं होतं. फसगत होऊ नये याची त्यांना इतकी धास्ती की वस्तू पसंत पडेपर्यंत माणूस राहील का, हा विचारच त्यांना शिवत नव्हता.

शेवटी एका दुपारी मी तोंड उघडलं. म्हटलं, अप्पा, एकदा डाळ टाकून बघू या. आपल्याला पाणी प्यायचं नाहीये, जेवायचं आहे.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गल्ल्यात हात घातला.

“डाळ शिजवली म्हंजे घडी मोडली की गं. मग उद्या कुटल्या तोंडानं परत करू?”

मी म्हटलं, मग दोन्ही ठेवा. ते म्हणाले, दोन कशाला. मी म्हटलं, मग एक ठरवा. ते म्हणाले, तेच तर चाललंय. मी पाय आपटत आत गेले. अव्वा आत शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फक्त म्हणाली, “कशाला जिवाला लावून घेतीस,” आणि शेंगा सोलत राहिली. एवढ्या पंचायतीत तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा पूजा आटोपून दुकानात गेले. गड्याने अदलाबदल केली. त्या दिवशी मोठी वर होती आणि मला तिचे आरसे उन्हाकडे वळवण्यासाठी सारखं माळवदावर जावं लागत होतं. ऊन सरकलं की तिला फिरवायचं, नाहीतर ती थंड पडायची. मी घामाने निथळत खाली आले तेव्हा अव्वा परसाच्या दारात उंबऱ्यावर बसली होती. धाकटीचं झाकण उघडं होतं, आरसा उन्हाकडे. मी सहज काचेतून आत बघितलं. पाण्याचं तपेलं बाजूला काढून ठेवलेलं होतं आणि आत घरातले दोन डबे होते. एकात तुरीची डाळ, दुसऱ्यात तांदूळ.

 मी म्हटलं, अव्वा, अगं, अप्पा काय म्हणतील.  तिचा चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. चुली आल्यापासून ती या दारात बसून दोन्हींना बघत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

दुपारी अप्पा जेवायला आले. सकाळच्या भाकरीबरोबर तिने आमटी-भात वाढला. डाळ अशी मऊ शिजली होती की बोटाने दाबायचं कारण नव्हतं. अप्पांनी दोनदा आमटी मागून घेतली आणि मग त्यांचा हात थांबला. चुलीतली राख थंड होती, स्टोव्ह कोनाड्यात होता. त्यांनी परसाकडे बघितलं.

“घडी मोडलीस,” ते म्हणाले.

“व्हय.”

“अगं, पण मोठी लवकर शिजवती. धाकटीला येळ लागतोय लई.”

“लागू दे की,” अव्वा म्हणाली. “मोठीच्या मागं सारखं फिराया लागतंय, वर ठिवली तर जिना चढाया लागतोय. मला तेवढा दम न्हाय. हिच्यात सकाळी घालायचं आन् बसायचं. मला कुटं जायाचंय लवकर?”

अप्पांनी ताटातला भात संपवला. मोठी त्याच संध्याकाळी परत गेली. ती गेल्यावर माळवदावर एकाएकी खूप जागा झाल्यासारखी वाटली आणि अप्पा त्या रिकाम्या जागेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. त्यांना आपण हरलो असं वाटत होतं की सुटलो असं, ते मला कळलं नाही.

भाकरीचा प्रश्न उरला होता, कारण उन्हात भाकरी होत नाही. तो अक्कलकोटच्या आत्याने सोडवला. ती दर पंधरवड्याला कडक भाकऱ्यांची चळत पाठवणार होती. आमच्याकडच्या या पापडासारख्या वाळवलेल्या भाकऱ्या टिकतातही आणि आमटीत मोडून खाता येतात. मी जूनमध्ये मोहोळला गेले तेव्हा जीव बराच हलका होता. पण पुरता नव्हता. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी खिडकीतून आभाळाकडे बघायची. बाकी सगळं गाव ढग यावेत म्हणून डोळे लावून होतं आणि ते येऊ नयेत असं वाटणारी मी एकटीच. मला त्याची लाज वाटायची, तरी वाटायचं ते वाटायचंच.

आषाढात ढग आले. आठवडाभर ऊन पडलं नाही. शनिवारी शाळा सुटल्याबरोबर मी एसटी पकडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि घराच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसला, दाट आणि पिवळट. रॉकेल मिळालेलं नाही हे उघड होतं. म्हणजे अव्वा चुलीपुढे बसली असणार. पिशवी छातीशी धरून मी जवळजवळ पळतच घरात शिरले.

अव्वा ओसरीवर बसली होती. अंगावर पांघरूण, चेहरा उतरलेला, पण श्वास ठीक. तिने मला हातानेच गप्प राहायला सांगितलं आणि आत बघ म्हणून खूण केली.

स्वयंपाकघरात अप्पा चुलीपुढे उकिडवे बसले होते. उघडे, धोतर गुडघ्यांवर खोचलेलं, हातात फुंकणी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्या जागी बघत होते. तपेल्यातली डाळ उतू जाऊन जाळावर पडली होती आणि ते विझणाऱ्या लाकडाला फुंकर मारत होते. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. ते खोकले, बाजूला वळले, पुन्हा खोकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी आल्याचं त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी ओसरीच्या दिशेने मान वळवली.

“एवढा धूर असतोय व्हय गं हितं?” ते म्हणाले.

अव्वाने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

“आज तर कमीच हाय,” ती म्हणाली. “लाकडं वाळलेली हायती.”