विमानाची नवी काच

घरामागच्या शेडमध्ये ह्यांनी स्वतः बांधलेल्या विमानाची पुढची काच आज बदलली. जुनीला केसाएवढा तडा गेला होता. दिसायचा नाही, पण नख फिरवलं की अडकायचं. नवी येईपर्यंत उड्डाण बंद होतं आणि मला शांत झोप लागत होती. बिघाडसुद्धा कधीकधी माणसाला घरात धरून ठेवतो.

नव्या काचेवरचा कागद सोलून हे म्हणाले, "बघ, मध्ये काच आहे असं वाटतसुद्धा नाही."

खरंच वाटत नव्हतं. ह्यांच्या आणि आभाळाच्या मध्ये एवढंच?

"वारा नसला तर उद्या सकाळीच जातो," म्हणत हे हात धुवायला गेले.

मी काचेवरून हळूहळू नख फिरवत राहिले. कुठेतरी अडकावं म्हणून.