धुऊन वाळत घातलेल्या डब्या

माझ्या बायकोला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे हे मला कळलं, त्याच्या आधी वर्षभर तिला रक्त पडत होतं. मूळव्याध समजून ती जिरं घातलेलं ताक पीत बसली. मला बोलली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात असल्या गोष्टी आम्ही बोललोच नाही. परसाकडे जाणारं माणूस उठून जातं, दुसरं तिकडे बघत नाही, एवढंच.

मी चौथी शिकलेला. पालीच्या बाजूला लोकांच्या आंब्याच्या बागा राखल्या, कलमं बांधली, त्यातच जन्म गेला. तेव्हा डॉक्टरांचं जे लिहितो ते मला समजलं तेवढंच.

ऑपरेशन रत्नागिरीला व्हायचं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीण आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, आजोबा, या आजाराच्या माणसांच्या आतड्यात कुठले जंतू असतात त्याचा मी अभ्यास करते. मला तुमची थोडी मदत हवी."

बायकोने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "जंतू शिरले म्हणून झालं काय हे, बाय?"

"तसं नाही म्हणता येत. जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात, तुमच्यापण. या आजारात काही जातींचे जास्त सापडतात. ते आधी वाढतात आणि मग आजार होतो, की आजार झाल्यावर ते तिथे येऊन वाढतात, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी एका घरातली, एकच अन्न खाणारी दोन माणसं बघते. एक आजारी, एक धड."

एकच अन्न खाणारी. कुठलं एकच? मला ताटात गरम भात, तव्यावरची भाकरी. ती माझ्यामागून जेवायची. कालचा भात, तळाची खरवड, मी टाकलेलं माशाचं शेपूट. वाडीतल्या बायका बोलायला लागल्याच होत्या, शिळं खाऊन खाऊन झालं म्हणून. ते खरं असेल तर हे दुखणं मीच तिला दिलं. ते खरं की खोटं, मला कळायला हवं होतं. म्हणून तिने तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं. डॉक्टरणीने तरी तिला वेगळं विचारलं. ती भिंतीकडे बघत "यांनी सांगितलंय ना, मग झालं" म्हणाली आणि अंगठा दिला.

दोन डब्या मिळाल्या, फिरकीच्या झाकणाच्या. झाकणाला आतून चमचा, तळाला थोडं पाणी. चमच्याने परसाकडचं थोडं त्यात घ्यायचं, डॉक्टरणीने सगळं समजावलं. ते पाणी म्हणजे औषध, जंतू आहेत तसे राहावेत म्हणून घातलेलं, सांडायचं नाही. मी मान डोलावली. बायको बाहेर बाकावर जाऊन बसली होती. घरी आल्यावर तिला ते सांगायला माझी जीभ रेटेना. डब्या मोरीच्या फळीवर ठेवून दिल्या.

रविवारी बागेतून आलो तर दोन्ही डब्या धुण्याच्या दगडावर उन्हात पालथ्या घातलेल्या.

"अगो, ह्या कुणी धुतल्या?"

"मी. दवाखान्यातल्या डब्या, कुणाकुणाचे हात लागलेले. आत घाण पाणी राहिलेलं. राखेनं घासल्या आणि फिनेल मारलं. शिकलेल्या पोरीला काय घाणेरडी डबी द्यायची?"

"घाण नव्हती ती, औषध होतं!"

"मग सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं तुमचं?"

मी डॉक्टरणीला फोन लावला. ती रागावली नाही. म्हणाली, "फिनेल लागलेल्या डब्या नकोत. मंगळवारी आजी भरती होतील तेव्हा मी नव्या देते. पण चार वाजता त्यांना पोट साफ करायचं औषध सुरू होईल. त्याने सगळं धुऊन जातं, मग माझ्या उपयोगाचं काही राहत नाही. चारच्या आत हवं."

मंगळवारी अकराला आम्ही पोचलो. मी माझी डबी दहा मिनिटांत भरून आणली.

"तुमचं सगळं आपलं झटपट," बायको म्हणाली. पण हसली नाही.

तिचं काही होईना. गाठीने वाट अडवलेली. बारा वाजता आत गेली, रिकामी आली. दीडला गेली, रिकामी आली. कपाळावर घाम. संडास साऱ्या वॉर्डाला एक, बाहेर बायका उभ्या. तिसऱ्यांदा आली ती डबी माझ्या हातात कोंबून म्हणाली, "जाऊ दे. माझी शोभा झाली तेवढी पुरे."

साडेतीनला सिस्टर औषधाचा जग घेऊन आली. मी आडवा उभा राहिलो.

"थांबा जरा."

"आजोबा, उद्या ऑपरेशन आहे. हे वेळेवर पोटात जायला हवं. तुम्हाला अभ्यास मोठा की बायको मोठी?"

डॉक्टरीण मागेच होती. तीसुद्धा म्हणाली, "आजोबा, नाही झालं तर राहू दे. माझ्यासाठी औषध थांबवायचं नाही. चार म्हणजे चार." सिस्टरने जग स्टुलावर ठेवला आणि पलीकडच्या खाटेकडे गेली.

तेव्हा मी बायकोच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. "तू माझं उरलंसुरलं खाल्लंस म्हणून हे झालं काय, मला कळायला हवंय. दुसरं काही नको मला."

ती माझ्याकडे वळली. "म्हणून ही डबी?"

"म्हणून."

"येडे आहात काय? खरवड मला आवडायची. पुढ्यात आली असती तर तुम्ही खाल्ली असतीत, म्हणून मी मागाहून बसायची." मग हात पुढे केला. "आणा ती इकडे. आणि दाराशी उभे राहा, कडी लागत नाही आतली."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्या दाराशी उभा राहिलो. दार धरून. मागे बायका कुजबुजत होत्या. एकजण म्हणाली, "पुरुष कशाला इथे?" मी म्हटलं, "बायको माझी आहे," आणि हललो नाही. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. वॉर्डातल्या घड्याळाचा काटा चारला टेकायला आला. सिस्टरने मला हाक मारली. मी ओ दिली नाही.

दार दोन बोटं उघडलं आणि डबी बाहेर आली. "घ्या. आणि बघू नका."

मी बघितलं. रक्त होतं. वर्षभर ती हे एकटी बघत होती.

ऑपरेशननंतर ती सात महिने जगली. तिचं कार्य आटोपल्यावर मी डॉक्टरणीकडे गेलो, काय निघालं, शिळं खाऊन झालं काय, ते विचारायला. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, "अजून काम चालू आहे, आजोबा. पुष्कळ माणसांचं मिळून काहीतरी कळेल. पण आजींना कशाने झालं, ते एकट्या त्यांच्या डबीतून निघणार नाही. शिळ्या अन्नाने झालं असं मी सांगू शकत नाही, आणि नाही झालं असंही नाही. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?"

मी म्हटलं, "बरं केलंस." आणि उठलो.

खरवडीचं ती खरं बोलली, की चार वाजत आले होते आणि मी रडवेला झालो होतो म्हणून माझी समजूत काढली, ते मला माहीत नाही. सांगणारी एकच होती.