अडीच फुटी ओटा

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास नांदेडची एसटी लातूरला लागायची आणि साडेतीनला शेषेराव उमादेवींच्या ऑफिसात बसून समकालीन वास्तुकलेवर बोलायला लागलेले असायचे. दोघेही आर्किटेक्ट, मुंबईच्या एकाच कॉलेजात शिकलेले. नांदेडात या विषयावर बोलायला शेषेरावांना कुणी नव्हतं, लातुरात उमादेवींना. म्हणून शेषेराव चार तास एसटीत बसून यायचे, दोन तास बोलायचे आणि सहाच्या गाडीने परत जायचे. वास्तुकलेसाठी मराठवाड्यात याहून जास्त हाल कुणी सोसले असतील असं वाटत नाही.

ऐकायला मात्र एक माणूस होता. खिडकीजवळच्या ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला निवृत्ती बनसोडे. ऑफिसात बोर्ड दोन होते. एक उमादेवींचा, त्यावर बहुतेक वेळा चहाचे कप असायचे. दुसरा निवृत्तीचा, त्यावर इमारती व्हायच्या. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तो इथं लागला त्याला सहा वर्षं झाली होती. गाव चाकूरच्या अलीकडचं. घराने छप्पन साली धम्म घेतला त्याच्या आदल्या वर्षी जन्मला, म्हणून नाव निवृत्ती राहिलं. धाकट्या भावाचं नाव राहुल. बोलणं कमी, अक्षर देखणं. ट्रेसिंग पेपरवर त्याने शाईत एकदा नाव घातलं की इमारत अर्धी मंजूर झाल्यासारखी दिसायची. उमादेवी सगळ्यांच्या नकाशांवर लाल पेन्सिल फिरवत. निवृत्तीच्या नकाशावर मात्र ती हळूहळू फिरेनाशी झाली होती, कारण सहा वर्षांत तिला काही सापडलं नव्हतं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि गावात छप्पर शोधणाऱ्या कचेऱ्यांची रांग लागली. पाठोपाठ वकील आले, स्टॅम्पवाले आले, तारखांना येणारी माणसं आली. उमादेवींचं ऑफिस भरून गेलं. पाऊस तेवढा आला नाही. नव्या जिल्ह्याची हद्द त्याला कुणी कळवली नसावी. तिसऱ्या उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायला लागला आणि माणसं घागरी घेऊन बांधकामांवर हिंडायला लागली, कारण टँकर तिथं यायचे.

त्याच उन्हाळ्यात आडत व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टने कचेरीच्या कामाला येणाऱ्या खेड्यातल्या लोकांसाठी शेतकरी निवास बांधायला काढलं. ट्रस्टचे अध्यक्ष अण्णाराव, निवृत्तीच्याच गावचे, शंभर एकरवाले. काम उमादेवींना मिळालं. त्यांचं हे पहिलं मोठं काम.

"आपण नुसते काँक्रीटचे डबे बांधायलो, उमाताई," शेषेराव एका शनिवारी म्हणाले. नांदेडात ते स्वतः तसलेच चार डबे बांधत होते. "इथल्या मातीतून काहीतरी यायला पाहिजे."

"आणलंय," असं म्हणत उमादेवींनी फोटो पुढे सरकवले. अण्णारावांच्या वाड्याच्या ढाळजेचे. ढाळज म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आत, अंगणाच्या आधी असलेली छपराखालची जागा. दोन्ही बाजूंनी ओटे. आलेला माणूस तिथं थांबतो, बसतो आणि मग ठरतं, आत घ्यायचं की नाही. "निवासाचं तोंड असं करायचं. लोकांची जागा. बघा, उजवा ओटा उंच आहे, डावा ठेंगणा. दोन पातळ्या."

शेषेराव बराच वेळ फोटो बघत राहिले. "उतरंड आहे बघा याच्यात," ते म्हणाले. "जागेला उतरंड पाहिजे. सपाट जागा मुकी असते."

खिडकीजवळ निवृत्तीच्या पेनाची शाई अडकली होती. तो पेन कानाशी धरून हलवत होता.

"निवृत्ती, तुझ्याच गावचा वाडा ना हा?" उमादेवींनी विचारलं. "कसं वाटतं रे तिथं बसल्यावर?"

"बसलो न्हाई कधी, मॅडम."

"मग सोमवारी जा, सगळं जसंच्या तसं मोजून आण. आणि बसून ये."

सोमवारी निवृत्ती टेप घेऊन गेला. अण्णारावांचं कुटुंब लातुरात राहायला आलं होतं. गावी त्यांची थोरली भावजय सरजाबाई शेती बघायची. वाडा चांगला नांदता होता, ढाळजेला नुकताच निळा ऑइलपेंट दिलेला होता. सरजाबाईने निवृत्तीला ओळखलं.

"भीमाचा का तू? नकाशे काढतूस म्हणं."

"हाव."

"मंग मोज की. खालनं कसं मोजशील, वर चढ."

निवृत्ती चपला काढून उजव्या ओट्यावर चढला. टेप लावला, उंची, रुंदी, मागच्या कोनाड्याची खोली, सगळं वहीत लिहिलं. उजवा ओटा अडीच फूट. डावा एक फूट. अडीच फुटांवरून गावाची वेस दिसते, हे त्याला तीस वर्षांत माहीत नव्हतं. त्याचा बाप भीमा चाकरीच्या दिवसांत या ढाळजेत डाव्या बाजूच्या फूटभर ओट्याशी उभा राहायचा. पाहुणेरावळे उजवीकडे, कुळं आणि बलुतेदार डावीकडे, आणि भीमा जमिनीवर. शेषेरावांची उतरंड ती हीच.

मोजमाप संपलं तेव्हा सरजाबाई चहा घेऊन आली. कपबशी घरातलीच होती, वेगळी ठेवलेली नव्हती. निवृत्तीने कप घेतला आणि डावीकडे जाऊन फूटभर ओट्यावर टेकला. चहा अर्धा संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला तिथं बस असं कुणीच म्हटलं नव्हतं. सरजाबाई केव्हाच आत गेली होती. उजवा ओटा मोकळा होता, त्याचा टेपही तिथंच राहिला होता. तो उठून टेप घ्यायला गेला, आणि चहा त्याने उभ्यानेच संपवला.

लातूरला येऊन त्याने नकाशा काढला. ढाळजेचा उभा छेद, एका बाजूला अडीच फूट, दुसऱ्या बाजूला एक. शाई वाळली. मग त्याने दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेतला. ट्रेसिंगवर चुकलेली शाई अशीच काढतात: पातं आडवं धरून हलक्या हाताने खरवडायचं, वर नख फिरवून कागद गुळगुळीत करायचा. त्याने डावा ओटा खरवडला आणि अडीच फुटांचा काढला. आकडा लिहिताना हात नेहमीसारखाच स्थिर होता.

काय पणाला लागलंय हे त्याला नीट ठाऊक होतं. उमादेवींच्या ध्यानात आलं तर सहा वर्षांचा विश्वास गेला, आणि जिल्हा नवा असला तरी त्यात चांगल्या ड्राफ्ट्समनला बसायला बोर्ड मोजकेच होते. ध्यानात आलं नाही तर दगडाचे दोन ओटे एका उंचीचे होतील आणि लातुरात शेतकऱ्यांना बसायला सारखी जागा होईल. एवढंच. यात क्रांती वगैरे काही नव्हती; दीड फुटाचा फरक होता. घरी बायकोला, सिंधुलाही त्याने सांगितलं नाही. ती म्हणाली असती, बसणाऱ्याला सांगितलंय का.

पहिलं मोठं काम म्हणून लाल पेन्सिल या नकाशावरून मात्र फिरली. खिडक्यांपाशी थांबली, जिन्यापाशी थांबली. ढाळजेवर थांबली नाही.

काळ्या दगडाचे ओटे वैशाखात बांधून झाले. टँकर तीन दिवसांनी यायचा. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून दगडावर पोती टाकून त्यावर पाणी मारायचं आणि टाकीत उरेल ते कामगारांना. पाणी मारायचं काम केवळाबाईकडे होतं.

"दगडाला रोज आंगूळ," ती पोत्यावर डबा ओतताना म्हणायची, "आन् आमाला आठवड्याला."

ओट्यांना पाणी मारायचा चौथा दिवस होता तेव्हा अण्णाराव बघायला आले. पांढरं धोतर, हातात छत्री, पावसासाठी नव्हे. ते ढाळजेत उभे राहिले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"बाई, ही डावी बाजू वर उचलली कशामुळं? आमच्या ढाळजंला फूटभरच हाय."

उमादेवींनी नकाशा उघडला. "नकाशात अडीच आहे, अण्णासाहेब."

"मंग नकाशा चुकला. जल्म गेलाय आमचा तिथं."

सगळे निवृत्तीकडे बघायला लागले. निवृत्ती म्हणाला, "मोजलं मीच हाय." हे खरंच होतं.

उमादेवींचा चेहरा उतरला. पहिलं मोठं काम आणि ट्रस्टच्या अध्यक्षानेच चूक काढलेली. "मोडून घेऊ," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत होईल."

मिस्त्री चंद्रप्पा टाकीच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. "मोडायला दोन दिवस, मॅडम," तो म्हणाला. "बांधायला चार. मंग पुन्हा दहा दिवस पानी. त्यो टँकर कुटून आणायचा तेवढं सांगा."

कुंपणापलीकडे वस्तीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या. टँकर आज यायचा होता, म्हणजे उद्या किंवा परवा. अण्णारावांनी रांगेकडे बघितलं, ओल्या पोत्यांकडे बघितलं. बायकांनी अण्णारावांकडे बघितलं. बांधलेला ओटा पाडून पुन्हा त्याला दहा दिवस पाणी पाजायचं, तेही या लोकांच्या डोळ्यांदेखत, हे शंभर एकरवाल्यालाही जड होतं. आणि पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पाऊस पडल्यावर बघू."

पाऊस पुढे पडला. बघायचं राहून गेलं.

त्या दिवशी ऑफिसात परतल्यावर उमादेवींनी कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं आणि खिडकीच्या काचेला धरलं. उजेड आरपार आला. डाव्या ओट्याच्या जागी कागद खरवडून पातळ झाला होता, आणि खालची जुनी रेघ फुटाच्या उंचीवर अजून पुसट दिसत होती. निवृत्ती आपल्या बोर्डाशी पेन्सिलीला टोक करत होता. बरंच टोक झालं होतं.

"निवृत्ती."

"जी, मॅडम."

"ब्लेड नवीन घेत जा. खरवडलेलं दिसतं."

"बरं."

त्यांनी ट्रेसिंगची गुंडाळी केली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त त्यानंतर लाल पेन्सिल निवृत्तीच्या नकाशांवर पुन्हा फिरायला लागली, आणि निवृत्तीनेही ते गैर मानलं नाही.

शेतकरी निवासाचं उद्घाटन झालं तेव्हा शेषेराव नांदेडहून आले. ढाळजेत उभे राहून म्हणाले, "उतरंड गेली, उमाताई."

"गेली."

चार महिन्यांनी एका शनिवारी मुंबईच्या एका त्रैमासिकातर्फे एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. छोट्या गावांतल्या आर्किटेक्टांशी संवाद, असं काहीतरी सदर होतं. दोन्ही ओटे एका पातळीवर ठेवण्यामागची भूमिका त्यांना हवी होती. शेषेरावांनी लोकशाही आणि समतल अवकाश यावर वीस मिनिटं भूमिका दिली. ती उत्तम होती, त्यांना स्वतःलाही पटली. मग बाईंनी टेपरेकॉर्डर उमादेवींकडे वळवला.

"टँकर आला नव्हता," उमादेवी म्हणाल्या.

छापून आलं त्यात लोकशाही होती, टँकर नव्हता.

भीमा शेतकरी निवासात पहिल्यांदा आला तो दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात. गायरानाच्या तुकड्यावर त्याचं अतिक्रमण आहे की कसणूक, याची तारीख होती. पूर्वी तारीख उस्मानाबादला पडायची, आता लातूरला पडते. पडायची थांबलेली नाही. साहेब दौऱ्यावर गेल्याचं कळल्यावर भीमा निवासात येऊन थांबला आणि निवृत्ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्याकडे गेला.

भीमा डाव्या ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसला होता. ओटा रिकामा होता.

"दादा, वर बसा की."

"हितं बरं हाय. टेकाया हाय मागं."

निवृत्तीने डबा ओट्यावर ठेवला आणि उभा राहिला. अडीच फूट त्याने आखलं होतं, खरवडलं होतं, त्यापायी एक अख्खा उन्हाळा नीट झोपला नव्हता. हे काही त्याने बापाला सांगितलेलं नव्हतं, आणि आता सांगायचं तर कुठून धरायचं हेही कळेना.

तेवढ्यात आतून अण्णाराव आले. ट्रस्टची बैठक संपली होती, गाडी यायची होती. ते सवयीने उजव्या ओट्यावर मांडी घालून बसले.

"काय भीमा, तारीख का?"

"हाव, मालक. सायेब न्हाई."

"आमचं बी काम त्याच सायबाकडं अडलंय. तिथं कशाला बसलास गारठ्यात?"

भीमाने समोर अण्णारावांकडे बघितलं, मग मान वळवून आपल्या मागच्या ओट्याकडे. दोन्हींवर एकेकदा नजर फिरवली, बैल बघताना उंची ताडतात तशी. मग हाताचा आधार घेत उठला, धोतर झटकलं, ओट्याला पाठ करून दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि दुसऱ्या उडीत वर बसला. आता दोघे समोरासमोर होते. गाडी आली, अण्णाराव गेले.

निवृत्ती बापाशेजारी बसला आणि डबा उघडला.

"हे तूच काढलंस म्हणं?" भीमाने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"सिंधुनं."

"तिला कुणी सांगितलं?"

"तुज्या मॅडमनं." भीमाने भाकरी मोडली. चार घास खाल्ले. मग खाली बघितलं. तो बुटका माणूस होता. पाय जमिनीपासून चांगले फूटभर वर होते. "लई उच केलास. पाय लोंबायलेत बघ."

निवृत्तीने बघितलं. खरंच लोंबत होते. अण्णाराव उंच, आणि बसायचे मांडी घालून. हे माप त्यांच्या वाडवडिलांचं. त्याने दोन्ही बाजू सारख्या केल्या त्या वरच्या मापाने, आणि पाय सोडून बसणाऱ्या माणसाचा विचार केलाच नव्हता.

"दीड फुटाचे पायजे हुते," तो म्हणाला. "दोन्ही."

"मंग तसं करायचं," भीमा म्हणाला, आणि लोंबते पाय तसेच ठेवून जेवू लागला.