कोरड्या खोलीतलं पाणी

दोन डॉक्टर आत भांडत होते आणि दाराबाहेर कळशी पेला धरून उभी होती.

कळशी म्हणजे कारखान्यातली पाणीवाली. सदा कंबरेवर कळशी, म्हणून नावही तेच पडलं. खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालासुद्धा डोकं खाजवावं लागायचं. कारखाना कपबशांचा. दवाखान्याची खोली भट्टीच्या अंगणाला लागून, आणि भांडणाचा आवाज असा की ऐकायचं नाही म्हटलं तरी कानात शिरणार.

"समुद्रापलीकडे जाऊन बघा जरा," थोरले डॉक्टर म्हणत होते. हे कारखान्याचे डॉक्टर, पोट सुटलेले, मनाने वाईट नव्हेत. "तिकडच्या कपबशीवाल्या बायका साठीला टेकल्या तरी टेकडी चढतात. आपल्या चाळिशीतच जिन्यात बसकण मारतात. आपल्या बायकांची छातीच नाजूक. रक्तातच आहे ते."

"आणि यांचे भाऊ?" ही डॉक्टरीणबाई. वर्षातून एकदा गाडी घेऊन बाहेरून तपासणीला येणारी, बारीक अंगाची, पण आवाज असा की कप तडकावा. "भट्टीवर काम करणारे यांचे सख्खे भाऊच आहेत ना? त्यांची छाती ठणठणीत. त्यांचं रक्त काय दुसऱ्या दुकानातून आणलं?"

"ते आचेने भोवळ येऊन पडतात, त्यांच्या कंबरा धरतात. पुरुषांचं दुखणं निराळं, बायकांचं निराळं. देशादेशाचं निराळं. असतंच तसं."

"निराळं असतं हे मलाही दिसतं, डॉक्टरसाहेब. का असतं, ते विचारतेय मी."

खुर्ची सरकली. "पाणी!" कुणीतरी ओरडलं. कळशी आत गेली. दोघांनी एकमेकांकडे न बघता एका दमात पेले रिकामे केले, जणू पाण्यावरच राग होता. बाहेर येताना एवढ्या मोठ्या भांडणातला एकच शब्द तिच्याबरोबर बाहेर आला. रक्त.

डॉक्टरीणबाईने विचारलेला प्रश्न तिने तिथंच टाकला. प्रश्न घरी नेऊन कुणाचं भागलंय? उत्तर कसं, पटकन गाठीला बांधता येतं.

आणि ते उत्तर तिला पटलंही. कारण ती स्वतःच जिन्यात बसकण मारणाऱ्यांतली होती. तरुणपणी ती आणि तिची जुळी बहीण घासाईच्या खोलीत शेजारी शेजारी बसायच्या. कच्चा कप साच्यातून निघून वाळला की त्याच्या कडेला मातीची उठलेली रेघ राहते. ती पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची, फुंकर मारायची आणि कप पुढे सरकवायचा. हे काम बायकांचं. बायकांचे हात हलके म्हणून. खिडक्या बंद, कारण वारा आला तर भुकटी उडून शेजारच्या खोलीत कपांना दिलेल्या ओल्या झिलईवर बसते. त्यामुळे सगळं आतच. सकाळी उन्हाची तिरीप दाराच्या फटीतून आली की खोलीभर चांदणं पडल्यासारखं व्हायचं. बायकांच्या पापण्या पांढऱ्या, ओठ पांढरे. बोललेला शब्दसुद्धा पांढरा होऊन येतो की काय, असं वाटावं. बायका त्या भुकटीला 'पांढरं' म्हणायच्या. "आज पांढरं फार उठलंय गं," एवढंच. ढगात बसून काम केल्यासारखं व्हायचं, आणि ढगाला कोण नावं ठेवतो?

बहीण लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. घरात तिला सगळे 'पलीकडची' म्हणू लागले. कळशी इथंच राहिली, घासत राहिली, आणि हळूहळू तिचा दम खिशाला भोक पडल्यासारखा गळत गेला. मग मुकादमाने तिला हलकं काम दिलं. काय, तर पाणी वाहायचं! दम लागणाऱ्या बाईला भरलेली कळशी घेऊन जिने चढायला लावायचं, हे मुकादमाच्याच डोक्यातून निघावं. पण ती चढली. थांबत थांबत, कठड्याशी गप्पा मारत चढली.

फक्त एका खोलीत तिचं पाणी जायचं नाही. घासाईच्या. तिथं उंबऱ्याबाहेर थांबायचं. कच्च्या कपावर थेंब पडला की कप गेला, हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ होतं. बायका एकेक करून बाहेर यायच्या, उभ्याउभ्या प्यायच्या, खोकायच्या, आत जायच्या.

मुलाने लग्न ठरवलं तेव्हा कळशीने सुनेला पहिला प्रश्न काय विचारावा? स्वयंपाक नाही, शिवण नाही. "डोंगर चढताना दम लागतो का गं तुला?"

सून डोंगरापलीकडच्या गावातली. ती हसली. "आमच्या घरी जायला तीन डोंगर चढावे लागतात. दम लागला असता तर अजून वाटेतच असते मी."

कळशीला ती तिथल्या तिथे आवडली. ही दुसऱ्या रक्ताची! हिची छाती आमच्यासारखी फाटकी नाही! घासाईच्या खोलीत जागा रिकामी झाली, तेव्हा शेजारणीने कुजबुजून सांगितलं, "सुनेला तिथं नको गं घालूस." कळशी म्हणाली, "तिला काय धाड भरलीये? ती आमच्यातली नाही." आणि स्वतः हात धरून तिला त्या उंबऱ्यापर्यंत सोडून आली. पुढे तिला जाता येत नव्हतं.

काही वर्षं बरी गेली. सुनेचं हसणं त्या खोलीतून बाहेर यायचं, कळशीला जिन्यावरूनच ऐकू यायचं. सून पाणी प्यायला आली की म्हणायची, "सासूबाई, आज पाणी गोड का लागतंय? काही मिसळलंत काय, माझा काटा काढायला?" आणि कळशी म्हणायची, "तुझ्यासाठी विष आणायला परवडतं कुठं मला!"

मग एक दिवस ती हसली आणि हसणं मध्येच मोडलं. खोकली. पेला भरून प्यायली, पुन्हा खोकली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ठसका लागला."

कळशीला ठसका आणि खोकला यातला फरक कळायचा. तिच्याच छातीत तो मोठा झाला होता.

त्या दुपारी कळशीला जिन्यात डुलकी लागली. स्वप्नात कप उडत होते, पांढरे, हलके, पाखरांसारखे. त्यांच्यामागे बायका उडत होत्या, पापण्या मिटून. सून सगळ्यांत पुढे. कळशी खालून हाक मारत होती, पण तिच्या तोंडून आवाजाऐवजी भुकटीच निघत होती. जाग आली तेव्हा पाण्याचं भांडं कलंडलं होतं आणि तिची मांडी भिजली होती. ती तशीच ओल्या मांडीने बसून राहिली. रक्त जर निराळं, तर मग हे काय?

तिने सुनेला सांगितलं, "सोड ते काम."

"सोडून काय करू? तुमच्यासारखी जिन्यात बसू?" सुनेने चेष्टेत म्हटलं, पण मग तिचा हात धरला. "आई, तिथं बाकीच्या बसतातच ना? मी उठले की माझ्या जागी कुणाची तरी लेक बसेल."

सून घरात आल्यापासून कळशीने एवढीच एक गोष्ट जपली होती, की ती धडधाकट राहील. आता ती गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत दर दुपारी थोडीथोडी खोकत होती.

आणि त्याच दिवसांत पलीकडची आली.

इतक्या वर्षांनी आली, तीही दोन मोठ्या बॅगा स्वतःच्या हाताने घेऊन, जिना धडाधड चढून. कळशी खालीच कठड्याला टेकलेली. वरून बहीण ओरडली, "ताई, येतेस की तुला बॅगेत घालून आणू?"

जुळ्या बहिणी, पण पाव तास आधी जन्मली म्हणून कळशी ताई. दोघी आरशापुढे उभ्या राहिल्या. तेच नाक, तोच कानावरचा तीळ. फरक एवढाच की एकीचा खांदा श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"तू तिकडं काम काय करतेस?" कळशीने विचारलं.

"तेच की. घासाई. दुसरं काय येतंय आपल्याला?"

कळशी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तिकडची हवा चांगली असेल."

"हवा? आमच्या गावात कोळशाच्या धुराने सूर्य दिसत नाही गं. थंडीत सहा महिने कुणी दाराबाहेर पडत नाही. बसतात आणि खातात. माझा नवरा हृदयाने गेला, शेजारचा तसाच गेला. तिकडं पुरुष असेच पटापट जातात. इकडं भट्टीवरचे कसे खुटखुटीत आहेत, बघ. जिकडचं तिकडं असतं काहीतरी, ताई."

दुसऱ्या दिवशी कळशी तिला कारखान्यात घेऊन गेली. सुनेची खोली बघायची म्हणून पलीकडची उंबऱ्यापाशी उभी राहिली. दाराच्या फटीतून तेच चांदणं पडलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"तुम्ही अजून कोरडंच घासता?"

"मग काय, पाण्यात बुडवून?" मागून आलेला मुकादम म्हणाला.

"बुडवून नाही. ओल्या स्पंजने. आमच्याकडे प्रत्येकीच्या पुढ्यात बादली असते. धूळ उठतच नाही."

"कप विरघळतील, बाई. कच्ची माती आहे ती, साखर नव्हे की मीठ नव्हे, पण पाण्यापुढे तीच गत."

"आमचे कप काय दगडाचे असतात?"

कळशी या दोघांचं बोलणं ऐकत होती, आणि तिला वाटलं, आपण हे पूर्वी कुठंतरी ऐकलंय. दाराबाहेर, पेला धरून. तेव्हा तिने टाकून दिलेला 'का'चा प्रश्न तिथंच पडून असावा, कुणी उचलला नसावा, असं काहीतरी. डॉक्टरीणबाईची गाडी त्याच आठवड्यात येऊन थांबली होती. कळशीने बहिणीचा दंड धरला आणि तिला दवाखान्यात नेलं. थोरले डॉक्टरही तिथंच होते, आता केस पांढरे झालेले.

"दोघींची छाती ऐका," कळशी म्हणाली. "एकाच दिवशी, एकाच आईच्या पोटी. काम एकच. मी कोरडं घासलं, हिने ओलं."

डॉक्टरीणबाईने नळी लावली. एकीला ऐकलं, दुसरीला ऐकलं, पुन्हा पहिलीला. मग नळी काढून थोरल्या डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनीही ऐकलं. बराच वेळ. पलीकडची वैतागून म्हणाली, "सापडत नसलं तर डावीकडे आहे माझं हृदय."

थोरले डॉक्टर हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुकादमाला बोलवा."

मुकादम आला, ऐकून घेतलं, मान हलवली. "करून दाखवा म्हणावं. एक कप. जमला तर बघू."

घासाईच्या खोलीत सगळ्या बायकांनी हात थांबवले. पलीकडची सुनेच्या शेजारी बसली. स्पंज होता, पाणी नव्हतं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कळशी उंबऱ्याबाहेर बादली घेऊन उभी होती, सवयीने.

"आई, या की आत," सून म्हणाली.

तिने पाय उचलला. एवढासा उंबरा, पण कारखान्याच्या अख्ख्या जिन्यापेक्षा उंच वाटला. आत पांढरं अजून हवेत तरंगत होतं, तिच्या बादलीवर, तिच्या हातांवर हलकेच बसत होतं. जुन्या ओळखीचं माणूस खांद्यावर हात ठेवतं तसं.

पहिला कप गेला. पलीकडचीला इथल्या मातीचा अंदाज नव्हता. कड ओली झाली, वाकली आणि बोटांत बसली. मुकादम म्हणाला, "झालं?" आणि कुणीतरी हळूच हसलं.

सुनेने स्पंज तिच्या हातातून घेतला. घट्ट पिळला. आणखी पिळला. इतका की थेंबही पडेना, नुसता ओलावा राहिला. मग कपाच्या कडेवरून एकदाच फिरवला, झोपलेल्या तान्ह्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. रेघ गेली. कप उभा राहिला. आणि हवेत काही उठलं नाही.

सगळ्या त्या कपाकडे बघत होत्या. कळशी कपाच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

एका रात्रीत काही झालं नाही. मुकादमाने कुरकुर केली, पहिले काही दिवस कप फुटले, मालकाने तोंड वाकडं केलं. थोरले डॉक्टर मालकाशी जे काय बोलायचं ते बोलले. दार बंद करून बोलले, म्हणून कळशीला यावेळी काही ऐकू आलं नाही. पण पुढच्या हंगामाला प्रत्येकीच्या पुढ्यात बादली होती. पलीकडची परत गेली. जाताना म्हणाली, "मला सवय आहे सूर्य न दिसण्याची, पण तू मात्र जिना सावकाश चढ." सुनेचा खोकला गेला नाही. पण वाढलाही नाही, आणि तिच्या शेजारी नंतर आलेल्या पोरी हसल्या की हसणं शेवटपर्यंत जायचं. कळशीच्या छातीतलं पांढरं काही निघालं नाही. ते तिचंच होतं आता. ती त्याच्यासकट वरखाली करत राहिली.

असंच एके दिवशी ती रोजच्यासारखीच आली. जिन्यात नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली, कठड्याला म्हणाली, "बस बाबा, तूही बस." मग घासाईच्या खोलीत गेली. उंबऱ्याकडे तिने बघितलंही नाही, पाय आपोआप आत पडला. ऊन दाराच्या फटीतून येऊन जमिनीवर पडलं होतं, नुसतं ऊन, त्यात काही तरंगत नव्हतं. तिने एकेकीच्या बादलीत पाणी ओतलं. "सरका गं. पाय आत घ्या." शेवटी सुनेपाशी आली, बादली भरली, स्पंज बुडवला आणि पिळून तिच्या हातात दिला.

सुनेने तो हातात दाबून बघितला. एक थेंब पडला. "नीट पिळला नाहीत, सासूबाई."

"मग तूच पीळ. हात नाहीत का तुला?"

सुनेने पिळला. कळशीने रिकामं भांडं कंबरेवर घेतलं आणि पुढचं पाणी आणायला खाली निघाली.