तुमची सोय नाल्यापलीकडे

भरीत वाढलेलं स्टीलचं ताट म्हातारीनं माझ्यासमोरून उचललं. आत नेलं. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदी पत्रावळ होती. त्याच ताटातलं भरीत पत्रावळीवर उलटं केलेलं. कळण्याची भाकरी त्यात अर्धी बुडालेली. जमिनीवर ठेवून तिनं ती पायानं नाही, पण पायानं सारावी तशी हातानं माझ्याकडे सरकवली.

ताट उचलण्याआधी तिनं एवढंच विचारलं होतं, "तुन्हं आडनाव काय शे, माय?"

मी सांगितलं होतं.

धुळ्याला लागून असलेलं ते गाव. सोनगीरकडे जाताना डावीकडे आत वळायचं. अर्ध्या शेतांचे प्लॉट झालेले. गावातल्या एका भाऊंनी चार खोल्या बांधून 'घरगुती मुक्काम व खान्देशी जेवण' अशी पाटी लावलेली. मी पाणी तपासणीच्या कामावर. तीन दिवस गावातल्या विहिरींचे, बोअरचे नमुने घ्यायचे होते. फोन करून खोली ठरवली होती. "या ताई, आपलंच घर समजा," असं भाऊ म्हणाले होते.

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. आम्ही बौद्ध. आई शिकवायची, बाहेरगावी कुणी आडनाव विचारलं तर हसायचं, विषय बदलायचा. नोकरीची सात वर्षं मी तेच केलं. हसले. विषय बदलला. डबा बरोबर ठेवला. मुक्काम टाळून शेवटच्या एसटीनं परतले. त्या दिवशी का नाही हसले, ठाऊक नाही. बहुतेक हसून हसून कंटाळले होते.

शेजारी जळगावचं एक कुटुंब जेवत होतं. नवरा, बायको, दोन मुली. स्टीलच्या ताटांत. त्यांना माठातलं पाणी. माझ्यापुढे भाऊंनी बंद बाटली आणून ठेवली. आवाज एकदम मऊ.

"ताई, गैरसमज नको. आई जुन्या वळणाची आहे. पाहुण्यांनाही चालत नाही. तुमच्या लोकांची वस्ती नाल्यापलीकडे आहे. तिथं तुमची छान सोय होईल. मी फोन करतो ना."

शिवी दिली असती तर शिवीनं उत्तर देता आलं असतं. हा माणूस मला मदत करत होता.

मी म्हणाले, "खोली माझ्या नावानं आहे. मी इथंच राहणार. इथंच जेवणार. ताटात."

जळगावचा गृहस्थ वर न बघता म्हणाला, "मॅडम, आम्ही जेवतोय हो."

भाऊंनी माझी बॅग उचलली, फाटकाबाहेर ठेवली. मी ती आत आणली. त्यांनी पुन्हा बाहेर ठेवली. या वेळी फेकली. नमुन्यांच्या बाटल्या खडखडल्या. मी पोलिसांना फोन लावला आणि ओट्यावर बसले.

बातमी नाल्यापलीकडे गेली. हवालदाराच्या आधी तिकडून एक बाई आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. फाटकाबाहेरूनच म्हणाली, "पोरी, घर चाल. भाकर टाकेल शे."

इतका वेळ रडले नव्हते. तेव्हा रडले. भूक लागली होती. तिच्या घरी मला पोटभर मिळालं असतं, मायेनं मिळालं असतं. आणि भाऊंची पाटी तशीच राहिली असती. त्यांनी सांगितलं तिथं मी निमूट गेले असते.

"अक्का, तुमच्या घरी मी येईन," मी म्हणाले. "पण यांनी हाकललं म्हणून नाही येणार."

ती गेली नाही. पिठाच्या हातानं माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली. भाऊंची आई आतून ओरडत राहिली. अक्का हलली नाही.

हवालदार आला. पत्रावळीकडे बघून म्हणाला, "जेवायला तर दिलंय की. मग तक्रार कसली?"

"अॅट्रॉसिटीची," मी म्हणाले. "लिहून घ्या."

ठाण्यात चार तास बसवलं. साहेब बाहेर आहेत, कागद नाही, उद्या या. मी उठले नाही. अक्काही उठली नाही. शेवटी लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून तिनं अंगठा दिला.

नंतर भाऊ माझ्या ऑफिसात आले. पेढे घेऊन. "गावाची बदनामी होतेय, ताई. मिटवून टाका." आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून तेच सांगितलं. आईनंही फोनवर तेच सांगितलं. जळगावच्या कुटुंबानं जबाब दिला, आम्ही काही पाहिलं नाही. अक्काला गावच्या किराणा दुकानात आता माल मिळत नाही. तिला विचारलं, सोडून देऊ का? ती म्हणाली, "मी अंगठा दियेल शे. पुसाना नही."

परवा कोर्टात भाऊंच्या वकिलानं मला विचारलं, "कागदाच्या पत्रावळीत जेवण दिलं, यात अपमान कसला?"

मी सांगितलं. न थांबता सांगितलं. निकाल काय लागायचा तो लागो. त्यांनी हरवलं तर वरच्या कोर्टात सांगेन. तिथंही अक्का माझ्या शेजारी असेल. मिटवणार नाही.