बुधवारचा ट्रे

आमच्या दादाचं बालपण एका काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे आणि त्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असते. हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाहीये. दादा, म्हणजे दत्तात्रय सोनटक्के, दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या संग्रहालयात नोकरीला आहे. दोन खोल्या, वीसेक कपाटं. त्यांत पितळी पिचकाऱ्या, लाकडी स्टेथोस्कोप, आजाऱ्याला झोपल्या झोपल्या पाणी पाजायचा चोचीचा कप, असल्या जुन्या वस्तू. चौथ्या कपाटात मुलाच्या पायाला बांधायचा एक कॅलिपर आहे. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद, गुडघ्याशी कडी, खाली बूट. चिठ्ठीवर 'पोलिओ, वय अंदाजे बारा' एवढंच लिहिलंय. तो दादाचा आहे. आईने जपून ठेवला होता, ती गेल्यावर दादाने तिथे नेऊन दिला आणि कुणाचा ते कुणालाही सांगितलं नाही.

मी त्याची धाकटी बहीण, नीला. मला तो कॅलिपर लोखंडाच्या खटखट आवाजावरून आठवतो. कडी खाली पडली की पाय ताठ व्हायचा. मग चालता यायचं, पण बसता यायचं नाही. बसायचं तर कडी वर ओढायची, आणि ती इतकी घट्ट की त्याच्या बोटांना जुमानायची नाही. शाळेतून आला की आई हात पुसत स्वयंपाकघरातून येईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा. चौदाव्या वर्षी ऑपरेशन झालं, त्याने कॅलिपर भिरकावला, आणि मांडीवर हाताचा दाब देत चालायला लागला. तसाच पंचेचाळीस वर्षं चालला.

बावीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला वेगळंच काम लावलं. हाडांच्या विभागात मुलं महिनोन्‌महिने पडून असतात, चिडतात, जेवत नाहीत. त्यांच्या हातात काहीतरी खरंखुरं द्या, म्हणाल्या. तेव्हापासून दर बुधवारी दादा ट्रेमध्ये पाच-सहा वस्तू घेऊन मुलांच्या वॉर्डात जातो. कागदावर या कामाला भारदस्त इंग्रजी नाव आहे. प्रत्यक्षात मुलं चोचीच्या कपातून पाणी पितात, एकमेकांची छाती लाकडी स्टेथोस्कोपने तपासतात, आणि तेवढ्यात नर्स इंजेक्शन देऊन मोकळी होते. शेवटी कॅलिपर. "एक लड़का था," दादा सांगायचा, "उसने ये फेंक दिया और फिर कभी नहीं पहना." मुलं टाळ्या वाजवायची. तो घरी येऊन मला टाळ्यांचं सांगायचा, दर बुधवारी, जसं काही मी पहिल्यांदाच ऐकतेय.

गेल्या वर्षापासून पाय दगा द्यायला लागला. तीनदा पडला. डॉक्टर म्हणाले, पोलिओ झालेल्या काहीजणांची ताकद उतारवयात पुन्हा कमी होते, आता कॅलिपर घालावाच लागेल, नाहीतर खुबा मोडेल. माप घेऊन नवा कॅलिपर आला. दादाने तो पलंगाखाली ढकलला आणि रजा टाकली.

आर. के. पुरममधलं आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, अडतीस पायऱ्या. तळमजल्याचा अर्ज दिलाय, तो कुठल्याशा टेबलावर आहे. दीड महिना दादा बाल्कनीत बसून खालच्या बस मोजत राहिला. मी नोएडाला ऑफिसात आणि कान सगळा फोनकडे. घरी आले की भांडण.

"तुला खुबा मोडून घ्यायचा आहे का?" मी विचारलं.

"नीला, यार, बावीस वर्षं मी त्या मुलांना काय सांगतोय? आता हे चढवून कुठल्या तोंडाने वॉर्डात जाऊ?"

"मग नको जाऊस."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा बाल्कनीकडे वळला. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. वॉर्ड सोडला तर या माणसाकडे दुसरं काय होतं?

मग एका मंगळवारी संध्याकाळी संपदाचा फोन आला. ही तिथली फिजिओथेरपिस्ट, मूळची अकोल्याची. दादाने फोन स्पीकरवर टाकला. गाझियाबादची अवनी नावाची दहा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून वॉर्डात आहे, मणक्याचा टीबी. जॅकेटसारखा पट्टा सतत घालायचाय, नाहीतर मणका वाकेल, पायसुद्धा जातील. तिने तो पलंगाखाली फेकलाय.

"रागावून पाहिलं, समजावून पाहिलं," संपदा म्हणाली. "एकच म्हणते, अंकलच्या गोष्टीतल्या मुलाने पण फेकला होता. सर, तुम्ही येता का?"

"बघतो," म्हणून दादाने फोन ठेवला. चहा निवला, मी दुसरा ठेवला, तोही निवला. सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा तो म्हणाला, "पलंगाखालचं ते काढून दे."

मी रजा टाकली. अडतीस पायऱ्या उतरायला आम्हांला वीस मिनिटं लागली, आणि प्रत्येक पायरीवर तो आवाज होता.

वॉर्डात ट्रे मी धरला होता. अवनी कुशीवर पडून आमच्याकडे बघत होती. दादा तिच्या पलंगाशी उभा राहिला. "एक लड़का था," म्हणाला आणि थांबला. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. "वो लड़का मैं हूँ. फेंका था, ये सच है. अब फिर पहना है."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अवनीने ट्रेमधला छोटा कॅलिपर पाहिला, मग दादाच्या पायातला मोठा.

"आपका कब उतरेगा?"

खोटं बोल, मला वाटत होतं. एकदा शेवटचं बोल.

"मेरा नहीं उतरेगा, बेटा."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "मेरा तो दिवाली तक उतर जाएगा. डॉक्टर ने बोला है."

"हां, बिल्कुल."

"तो पहना दो. पर आप बांधोगे."

संपदाने जॅकेट आणून तिच्या अंगाला लावलं. बंद बांधायचे तर दादाला स्टुलावर बसायला हवं, आणि बसायला कडी उघडायला हवी. नवी कडी, जुनी बोटं. त्याने दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. सगळा वॉर्ड बघत होता. मी ट्रे ठेवायला जागा शोधत होते तोवर अवनीने पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडला आणि कडी वर ओढली.

दादा बसला. मला आईची फार आठवण आली. त्याने नाक पुसलं आणि अवनीचा पहिला बंद बांधायला घेतला.